वाटाण्याएवढी

रेवदंडा,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

लाडके कोकिळे,

इकडे सगळं ठीक आहे. हे बोट घेऊन गेलेत, उद्या येतील. यंदा बोंबील बरा आहे. तुझ्या वलांड्यांच्या काठ्या रिकाम्या दिसत होत्या, म्हणून त्यांच्यावरही मीच बोंबील वाळत घातलेत. शेजारची ठमाबाई खेकसली, "तिच्या जागेत कशाला गो?" म्हटलं, "रिकाम्या बघवत न्हाय."

बोंबील घालताना हरिहरेश्वर आठवलं. आपल्या लग्नांचं पहिलंच वर्ष. प्रदक्षिणेच्या वाटेवर लाट आली आणि दोघी नव्या साड्यांसकट चिंब झालो. माझी सासू ओरडत होती आणि तू खडक धरून हसत होतीस. परतताना एसटीत एका चादरीत कुडकुडत बसलो. तेव्हा तू म्हणालीस, "केसर, म्हातारपणी परत येऊ."

तुझे फोन येतात तेव्हा मी घरातच असते. भाविका सांगते ना, आई बाजारात गेली? मीच तिला तसं सांगायला लावते. पोरीला खोटं बोलायला लावलं, म्हणून आता लिहायला बसले.

अलिबागच्या दवाखान्यात तू माझ्यासाठी आली होतीस. माझ्या छातीतली गाठ लिंबाएवढी, मी घाबरलेली. रांगेत बसल्यावर तू हळूच म्हणालीस, "मलापन हाय एक. वाटाण्याएवढी." मीच ओढत तुला आत नेलं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं होतं. साधी गाठ आपल्या पिशवीत राहते, वाढली तरी शेजारी घुसत नाही. कॅन्सरची गाठ आजूबाजूच्या मांसात शिरते, तिच्यातले कण रक्तातून दुसरीकडे जाऊन तिथे वाढतात. तू विचारलंस, "मंग मोठी ती वाईट ना?" त्या म्हणाल्या, "आकारावरून सांगता येत नाही, हाताला नेहमी कळतंच असं नाही. तुकडा तपासायलाच हवा." तरी आपण दोघींनी धरलं होतं, असलं काही तर माझंच असणार.

रिपोर्टच्या दिवशी मला आधी बोलावलं. चरबीची गाठ, भिण्याचं काही नाही. तू आत गेलीस, आणि मी धावत जाऊन स्टँडसमोरून पेढे आणले. आले तर तू बाकावर, मांडीवर कागद. तू काही बोलायच्या आधीच मला कळलं. मी पुडा पदराखाली घेतला. तू म्हणालीस, "लपवतेस काय? दे की एक." आणि खाल्लास.

कोकिळे, तुझं तोंड बघून माझ्या मनात पहिलं आलं ते हे: बरं झालं, माझी नाही. तुझं वाईट वाटलं ते त्याच्या नंतर. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही. पनवेलला तुझं ऑपरेशन झालं तेव्हा कंबर धरली म्हणून आले नाही, असं कळवलं, ते खोटं होतं. मला तुझ्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती.

काल तुझा भावेश पनवेलहून वलांड्या बघायला आला होता. म्हणाला, "काकी, लवकर सापडली. बगलेत काय गेलेलं न्हाय. डॉक्टर बोलतात, आई बरी होईल." मी त्याच्यासमोरच रडले. तो म्हणाला, "आई रोज विचारते, केसरला कोणी काय बोललं काय?" तू माझीच काळजी करत बसलीस गो.

गुरुवारी तुझा केमोचा तिसरा डोस आहे. तुझ्या सुनेचं, सुचिताचं बाळ लहान आहे, तिला तुझ्यासोबत बसणं जड जातं, हेही त्याने सांगितलं. मी बुधवारी सकाळच्या गाडीने पनवेलला भावेशच्या घरी येते. डोस होईपर्यंत तुझ्याजवळ बसेन, नंतर उलट्या थांबेपर्यंत राहीन. शिव्या द्यायच्या असतील तर समोर दे. आत घ्यावंसं वाटलं नाही, तरी मी जिन्यात बसेन, परत जाणार नाही.

भ्यालेली, पण तुझीच,
केसर