आम्ही उत्तर गटात गेलो त्याची हकीकत

सेक्टर चार, आर. के. पुरम,
नवी दिल्ली
२३ जानेवारी १९९६

ती. अण्णासाहेब यांना,
चुलतभाऊ शशिकांतचा, थंडीतले हातमोजे मुद्दाम काढून केलेला साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं आणि आता गल्लीच्या टोकाची पाटी वाचता येते, हे कळून आम्हा सर्वांना आनंद झाला. वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का तेही कळवावं. इकडे अलका, चेतना आणि मी तिघंही प्रकृतीने ठीक आहोत. प्रकृतीने म्हणतो, कारण मनाचं विचाराल तर गेले चार महिने मला एका जागी बसवत नाही. हे पत्र लिहिताना मी आतापर्यंत तीन वेळा उठलो. एकदा गॅस बंद आहे का बघायला, एकदा दार लावलंय का बघायला, आणि एकदा मी मघाशी कशासाठी उठलो होतो ते आठवायला. ऑफिसातही तेच. परवा अंडर सेक्रेटरीसाहेबांनी मला विचारलं, "पवारजी, कहीं जाना है क्या?" जायचंच होतं, पण कुठे ते त्यांना सांगून पटलं नसतं.

कारण फुटबॉल. तुम्ही कोल्हापूरचे, त्यामुळे तुम्हाला हे आजाराचं नाव सांगितल्यासारखं कळेल. आमच्या सेक्टरमधल्या सरकारी क्वार्टर्सचा एक संघ आहे, एकता क्लब. सेंटर फॉरवर्ड गढवाली, दोन्ही बॅक मल्याळी, गोलकीपर मिझो, सेक्रेटरी नेगी म्हणून एक स्टेनो, आणि प्रेक्षक दोन. एक मी, दुसरे शेजारच्या सेक्शनमधले मुखर्जीदा. (तिसरेही होते. त्यांची बदली शिलाँगला झाली, तिथे ते सुखी आहेत असं ऐकतो.) ज्या साखळीत आम्ही खेळतो तिच्या खाली दुसरी साखळी नाही, खाली थेट जमीन आहे. शेवटचे दोन संघ सरळ बाहेर काढतात आणि मग पुन्हा आत यायला पाच वर्षं अर्ज करत बसावं लागतं.

सप्टेंबरात या साखळीचे चार गट पाडायचं ठरलं. आम्ही दिल्लीच्या दक्षिण टोकाला, तेव्हा दक्षिण गट आमचाच, असं समजून नेगी आणि मी बैठकीला निवांत गेलो, तीच चूक झाली. तुम्ही दिल्लीला आलात त्याला बारा वर्षं झाली अण्णासाहेब, आता याल तर ओळखणार नाही. गुडगाव, नोएडा, फरिदाबाद, जिथे तिथे नवीन वस्त्या, आणि प्रत्येक वस्तीला स्वतःचा संघ. एका बिल्डरने तर गेट उभं केलंय, गेटवर कारंज्याचं चित्र लावलंय, आणि फुटबॉलचा संघ काढलाय. घरं यायची आहेत. दक्षिण गट अशा लोकांनी भरून गेला. मग साखळीच्या सचिवांनी नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली आणि आम्ही गेलो उत्तर गटात. म्हणजे सोनीपत, रोहतक, मेरठ, पानिपत, कर्नाल. मी उभा राहून म्हणालो की आमच्या कोल्हापुरात दुसऱ्याच्या मैदानावर खेळायला जायचं म्हणजे चहा गार व्हायच्या आत पोचायचं असतं, हे काय लावलंय. त्यावर सचिव अगदी नम्रपणे म्हणाले, "भाईसाहब, आप लोग तो पहले भी उस रास्ते जाते रहे हैं." मला याला फार चांगलं उत्तर सुचलं, पण ते घरी परतताना बसमध्ये.

तेव्हापासून माझे रविवार हरियाणा रोडवेजच्या ताब्यात आहेत. सोनीपतला आम्ही दोघे चुकीच्या मैदानावर पोचलो आणि पाऊण तास शाळेच्या संचलनाला टाळ्या वाजवल्या. रोहतकला बरोबर मैदानावर पोचलो, तर सामना आदल्या दिवशी झाला होता. अलकाचं म्हणणं असं की रिटायर व्हायला सहा वर्षं उरली, क्वार्टर सोडावं लागेल, रविवारी जाऊन गुडगाव-नोएडाचे फ्लॅट तरी बघावेत. तिचं चूक नाही. मला फ्लॅट बघायचे नव्हते हेही तितकंच खरं. फ्लॅट घेतला की कोल्हापूरला परत जाणार नाही असं ठरल्यासारखं होतं, आणि नाही घेतला तर जाणार असं ठरतं. मला यातलं काहीच ठरवायचं नव्हतं, म्हणून मी बसमध्ये बसत होतो. हे मी तिला बोललो नाही, तुम्हालाच लिहितो आहे.

शेवटी चौदा जानेवारीला तिने पदर खोचला. सामना पानिपतला होता. "मीही येते," ती म्हणाली, "एकदा बघू दे, काय आहे एवढं. आणि काला अंबला जाऊ, बावीस वर्षं दिल्लीत राहून मी ते स्मारक पाहिलेलं नाही." (चौदा जानेवारी म्हणजे कोणता दिवस ते तुम्हाला सांगायला नको. कृपया तो विनोदही करू नये. ऑफिसात सतरा जणांनी केला, त्यात एक तमिळ होते.)

सकाळी सहाला निघालो. धुकं असं की कंडक्टर दारात उभा राहून ड्रायव्हरला रस्ता सांगत होता. मुखर्जीदांनी वाटेत अलकाला तीन संत्री आणि एक चष्म्याचं घर घेऊन ऑफसाइड समजावला. मुरथलला पराठ्यांसाठी बस थांबेपर्यंत तिला तो कळला होता, जो मला लग्नानंतर बावीस वर्षं तिला समजावता आला नव्हता. याचं मला थोडं वाईट वाटलं.

काला अंबला पोचलो तर तिथे साताऱ्याकडची एक बस आलेली. चाळीसेक माणसं, डोक्याला फेटे, हातात हार. त्यांचे पुढारी ज्ञानोबा मास्तर, रिटायर्ड पी. टी. शिक्षक. नमस्कार-चमत्कार झाले. आम्ही मराठीत बोलतो हे पाहून त्यांना गहिवरून आलं. त्यांनी विचारलं, "दर वर्षी येता का अभिवादनाला?" मी खरं सांगितलं की आम्ही फुटबॉलला आलोय. मला जमिनीत जावंसं वाटलं. तेवढ्यात अलका म्हणाली, "आमची पोरं आज इथे खेळतायत आणि त्यांच्या बाजूने ओरडायला तिघंच आहोत." मास्तरांनी घड्याळ बघितलं. त्यांची बस चारला सुटणार होती. "तिघं कसे," ते म्हणाले, "आम्ही मेलो का?"

अण्णासाहेब, आमच्या पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा चाळीस प्रेक्षक बघितले, तेही धुक्यातून फेटे बांधून चालत येणारे. पहिली हर हर महादेवची गर्जना झाली आणि आमच्या मल्याळी बॅकने दचकून चेंडू आपल्याच गोलात मारला. पलीकडचा गोल कोणालाच दिसत नव्हता. तिकडे काय झालं ते आरोळ्यांवरून ठरवायचं. एकदा आम्ही सर्वांनी फेटे उडवून नाच केला, आणि मग धुक्यातून नेगी आला, म्हणाला, "वो भी उन्हीं का था." दोन-शून्य. मास्तर खाली बसले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

उठली ती अलका. रेफ्री जवळून पळत होता, त्याला तिने चक्क "अहो" म्हणून हाक मारली. तो थांबला. "अहो, दिसतंय का तुम्हाला काही? बिल्कुल नहीं दिखता तो सीटी क्यों बजाते हो?" रेफ्री म्हणाला, "मॅडम, सुनाई तो देता है." मग तिने आवाज लावला. बावीस वर्षांत मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता. त्या आवाजावर की कशावर कोण जाणे, गढवाली पोराने शेवटच्या पंधरा मिनिटांत दोन गोल केले. दोन्ही आमच्या बाजूला झाले, ते मी या डोळ्यांनी पाहिले. दोन-दोन, बरोबरी. समोरचा संघ ज्यांचा, त्या पानिपतच्या हातमागवाल्या मंडळींनी आम्हा सगळ्यांना चहा पाजला. ज्ञानोबा मास्तर माझा हात धरून एवढंच म्हणाले, "आज बरोबरी झाली हो." त्यांचे डोळे भरले होते, आणि माझं म्हणाल तर धुकं फार होतं.

परतताना अलकाचा घसा बसला होता. फ्लॅटचं नाव तिने काढलं नाही. कर्नाल पानिपतच्या किती पुढे, एवढंच विचारलं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. थंडी आहे, डोळ्यांना जपावं.

आपला,
शशिकांत

ता. क. एक विनंती राहिली. आपल्या चेतनाच्या साखरपुड्यासाठी तुम्ही मुलाकडच्यांशी बोलून कोल्हापुरात अकरा फेब्रुवारी ठरवलीत. स्थळ उत्तम, मुलगा चेतनाला पसंत, तुमचे उपकार मी विसरणार नाही. पण त्याच दिवशी कर्नालला आमचा शेवटचा सामना आहे आणि एक गुण मिळाला नाही तर आम्ही साखळीबाहेर. साखरपुडा अठरा तारखेला ढकलता येईल का? कारण म्हणून तुमच्या डोळ्याचं सांगावं. अलकाला यातलं काही माहीत नाही, तिला कळू देऊ नये.

ता. क. २. अण्णासाहेबांना सौ. अलकाचा नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, ते वाचून टाकते आहे. अठरा अजिबात ठेवू नका. धुक्यामुळे राहिलेले सामने आधी उरकायचे म्हणून कर्नालचा सामना अठरालाच गेलाय. नेगींचा काल फोन आला होता, ह्यांना अजून सांगितलं नाही, आधीच झोपत नाहीत. पंचवीस ठरवा. चेतनाला विचारलंय, तीही येतेय कर्नालला. आणि तुमच्या डोळ्याचं वगैरे काही सांगू नका. मुलाकडच्यांना खरं कारण सांगा, आणि ते ऐकून मुलगा काय म्हणाला ते मला उलट टपाली कळवा. त्यावरच बघू, मुलगी द्यायची की नाही ते.