आईचे सोमवार

५ सप्टेंबर २०२२, सोमवार
आई दोहाला येऊन महिना झाला. आज पहिलं भांडण. भांडण म्हणजे मीच बोलले. वरणाला फोडणी घालत होते, तर मागून येऊन हिने गॅसच बंद केला. मोहरी तडतडायच्या आतच थंड. का म्हणून विचारलं. खिडकीतून शेजारच्या व्हिलाकडे बघत उभी. शेवटी बिनफोडणीचं वरण जेवलो. माधव म्हणाला, वय झालंय, सोड. सोडलं.

८ सप्टेंबर
आई हल्ली इथे, अल गराफातल्या आमच्या घरात नसतेच. ती असते इंग्लंडात, श्रॉपशरमधल्या आमच्या लहानपणीच्या खेड्यात. सकाळी विचारत होती, लायब्ररीची गाडी आली का. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. त्या खेड्याबद्दल बोलायला इतक्या वर्षांनी कुणीतरी मिळालं. माधवला ऐकून ऐकून वीट आलाय.
दोन खोल्यांची शाळा. कोळशाच्या शेगडीपाशी वाळत टाकलेले ओले हातमोजे, त्यांचा तो लोकरीचा वास. पुढच्या खोलीत बाबांचा दवाखाना, पॅसेजमध्ये पेशंटच्या गळणाऱ्या छत्र्या. दाराशी कुणीतरी ठेवून गेलेली अंडी. गल्लीत ब्लॅकबेरी खाऊन जांभळी झालेली तोंडं. आणि सोमवार! सोमवारी आई स्वयंपाक करायचीच नाही. पाव आणि जॅम, तोही मागच्या पायरीवर बसून. आई म्हणायची, सोमवार आहे माझा. ती नुसत्या चहावर. नाशिकला परतल्यावर बाबा येईल त्याला कौतुकाने सांगायचे, विलायतेत राहूनही हिने शंकराचा एक सोमवार चुकवला नाही.
मी अकरा वर्षांची होते तिथून निघताना. विमानात रडून जीव अर्धा केला होता.

१४ सप्टेंबर
मा. ऑफिसातून बातमी घेऊन आला. नोव्हेंबरपासून पाहुण्यांना व्हिसा नाही. मॅच बघायला येणारे तेवढे येणार, बाकी सगळं फुटबॉलच्या वर्ल्ड कपनंतर. आईची मुदत ऑक्टोबरअखेर संपते, वाढवून मिळेलसं दिसत नाही. नाशिकचं घर बाबा गेल्यापासून बंद. तिथे तिला एकटी कशी ठेवणार?
रात्री दादाचा फोन, बर्मिंगहॅमहून. आईचा पासपोर्ट अजून तिकडचाच आहे, बाबांचा हट्ट होता तो. त्यामुळे अडचण नाही म्हणे. त्याने वृद्धांसाठी एक होम पाहिलंय. आमच्या खेड्याच्या शेजारच्याच गावात, मागे बाग, पलीकडे शेतं. मीच म्हटलं, लगेच घे. तिचं मन तिथेच आहे तर तिथेच जाऊ दे. मलाही दरवर्षी जायला निमित्त.
आज शांत झोप लागणार.

१९ सप्टेंबर, सोमवार
परत तेच, फोडणी घालताना. या वेळी माझं मनगटच धरलं.
"थांब. तिचे कपडे आहेत बाहेर."
शेजारी केरळची नर्स राहते. तिचे युनिफॉर्म स्टँडवर वाळत होते. असेनात का, म्हटलं, आपल्याला काय.
"सोमवार आहे ना. वास लागतो कपड्यांना."
मी हसले. हसता हसता पळी खाली ठेवली.
त्या खेड्यात सगळी घरं सोमवारीच कपडे धुवायची. ओळीने दोऱ्या, पांढऱ्या चादरी फडफडताहेत आणि आम्ही त्यांच्यातून पळतोय. हे मला लख्ख आठवतं. याच्याशी जॅमचा काही संबंध असेल, हे कधी डोक्यातच आलं नाही.

२० सप्टेंबर
दादाला फोन करून सरळ विचारलं. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, त्याला माहीत असणार. आधी आढेवेढे घेतले. मग सांगितलं.
शेजारच्या मिसेस हॉब्स. एका सोमवारी दोन चादरी हातावर टाकून मागच्या दारी आल्या. ओरडल्या वगैरे नाहीत, अगदी नम्रपणे म्हणाल्या, यांना तुमच्या जेवणाचा वास येतोय. आईने चादरी ठेवून घेतल्या. पुन्हा धुतल्या, इस्त्री केल्या, स्वतः नेऊन दिल्या. तेव्हापासून सोमवारी आमच्याकडे फोडणी नाही. दादाला बजावलं, बाबांना सांगायचं नाही, त्यांची प्रॅक्टिस नवी आहे, हीच माणसं पेशंट आहेत. आम्हाला नि बाबांना उपास सांगितला. बोलून गेली म्हणून मग खरंच उपाशी राहायची.
नाशकात तिचे सोमवार कधी सुटले, आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. आणि म्हणे भक्ती!
दादाला म्हटलं, हे ठाऊक असून तू तिला तिथे ठेवणार? तर म्हणाला, "मिसेस हॉब्स मरून जमाना झाला गं. आता तिथे पबमध्येसुद्धा करी मिळते."
त्याचं खोटं नाही. तरीपण

२६ सप्टेंबर, घटस्थापना
मा.शी वाजलं. मी म्हटलं, मी जाते आईला घेऊन नाशिकला. तो स्टेडियमकडच्या रस्त्यांच्या कामावर, सकाळी अंधारात जातो, आला की सोफ्यावर आडवा. म्हणाला, जा, पण किती दिवस? त्याचं कॉन्ट्रॅक्ट वर्ल्ड कप झाला की खलास, पुढचं काही ठरलेलं नाही, आणि मी माझ्या ट्यूशन्सही सोडणार. इन्शाल्ला म्हणून संसार चालत नाही, म्हणाला.
इथे खरं लिहायला हरकत नाही. मला नाशिकला जायचं नाहीये. बंद घर उघडून तिथे एकटीने आईचं न्हाणं-धुणं करायची मला भीती वाटते. माझे गुडघे, माझं बीपी. होम हा सगळ्यांच्या सोयीचा मार्ग आहे. माझ्या तर फारच.

५ ऑक्टोबर, दसरा
संध्याकाळी आईला समुद्राकाठच्या रस्त्याने, कॉर्निशला फिरवून आणलं. जिकडेतिकडे देशोदेशीचे झेंडे. ती गाडीत एकदम ताठ बसली. विचारते, आज जत्रा आहे का गावची? केस सारखे केले. म्हणाली, माझा कोट राहिला घरी, नुसत्या साडीवर कशी उतरू?
भर उन्हाळ्यातल्या जत्रेतही ती साडीवर कोट घालायची. मला वाटायचं आईला थंडी फार वाजते.
राग येतोय. मिसेस हॉब्सचा, बाबांचा, माझा सगळ्यात जास्त. माझं ते गोड खेडं तिच्या जिवावर गोड होतं.

१२ ऑक्टोबर
सकाळी आई अगदी शुद्धीत होती, नातवाचं नावसुद्धा बरोबर घेतलं. संधी साधून विचारलं, आई, तुला आवडायचं का गं तिथे?
म्हणाली, "तुम्हा मुलांना आवडायचं."
चहात बिस्कीट बुडवून खात राहिली.

१८ ऑक्टोबर
दुपारी होमवाल्यांचा व्हिडिओ कॉल. दादाही जोडलेला. मॅनेजरबाई खरंच गोड, आईला नावाने हाक मारली, बाग दाखवली, खोलीही. दोन दिवस घरात धड वाक्य न बोललेली आई पदर सावरून बसली आणि काय इंग्रजी बोलली! हाऊ काइंड. लव्हली. नो, नो, नो ट्रबल ॲट ऑल. सगळा वेळ हसतमुख. बाई खूश. दादाचे डोळे भरून आले. मलाही क्षणभर वाटलं, जमलं.
टेबलाखाली तिने माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. सोडवायला गेले तर सुटेना.
कॉल बंद केला. दादाचा लगेच मेसेज: पाहिलंस ना, किती खुलली! उद्या पैसे भरून टाकतो.
आई अजून त्याच हसऱ्या चेहऱ्याने काळ्या स्क्रीनकडे बघत होती. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "गेली का ती?"
गेली, म्हटलं.
तेव्हा कुठे तिच्या चेहऱ्यावरचं ते हसू ओसरलं. ए.सी. चालू असूनही ब्लाउज पाठीला घामाने चिकटला होता. तो बदलला, तिला पडायला लावलं.
दादाला उत्तर द्यायचंय. मा. यायचाय अजून.