फरशीवरचं पाणी

लोहा,
१९ जुलै २००९

चि. मुकुल यास ताईचे अनेक आशीर्वाद. ती. बाबांना माझा शिरसाष्टांग नमस्कार. फोनवर त्यांना निम्मं ऐकू येतं आणि राहिलेलं ते मनानं जुळवतात, म्हणून आपलं पत्रच बरं. वाचून झालं की त्यांच्या हातात दे.

आमच्या वाडीच्या शाळेत यंदा नवीनच खूळ आलंय. आठवीची लेकरं रोज संध्याकाळी वैजनाथरावांच्या घरी टीव्हीपुढं बसतात. जंगलात एकटा सोडलेला एक गोरा माणूस तिथं काय काय करून जगतो, ते हिंदीतून दाखवतात. लेकरं त्याला जंगलवाला म्हणतात. विज्ञानाच्या तासाला मान खाली घालून बसणारी ही मंडळी त्याच्याबद्दल मात्र हात वर करकरून बोलतात. मग मीही त्यालाच वर्गात आणला. त्यानं पाणी कसं गाळलं म्हणून विचारलं, तर दुसऱ्या दिवशी लेकरं प्लास्टिकच्या बाटल्या कापून, वाळू घेऊन हजर! कोळसा खिचडीवाल्या गुणाबाईंच्या चुलीतून आला. गाळलेलं पाणी नितळ दिसलं तरी ते पिण्याजोगं झालं का, यावर तासभर भांडण चाललं. मुकुल, असा तास मी आजवर घेतला नव्हता.

एक नियम मात्र मी घातलाय. जंगलवाल्याचं कौतुक एकदा, तर त्याची चूक दोनदा सांगायची. तो वाहत्या पाण्यात उडी घेतो, पण त्याच्यामागं दोर घेऊन माणसं उभी असतात, ती दिसत नाहीत. आपल्यामागं कोण आहे? म्हणून आम्ही ओढ्यावर जाऊन काडी सोडली, ती किती वेळात कुठवर गेली ते मोजलं आणि पाण्याचा वेग काढला. पुस्तकातलं तेच सूत्र, पण यावेळी कुणी विसरलं नाही.

वैजनाथराव शाळा समितीवर आहेत, त्यांची लेक आमच्या आठवीतच आहे. ते तणतणत आले. म्हणाले, बाई, माझी वैष्णवी डॉक्टर करायची हाय, मेंढरं वळायला न्हाई धाडायची. ओढ्यावर काड्या सोडून काय होनार हाय? हे थांबलं न्हाई तर दिवाळीनंतर पोरीला लातूरला घालतो. मुख्याध्यापकांनीही जरा दमानं घ्या म्हणून सांगितलंय. बघू.

बाबांना गुडघ्याला तेल लावत जा म्हणावं. तुझ्यावरचा लोभ आहे तसाच आहे.

तुझी ताई,
लता

----

लातूर,
२ ऑगस्ट २००९

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून खूप हसलो. इथं मी शिकवतो त्या क्लासात पोरं बाटली फक्त पाणी प्यायला उघडतात, तेही सरांना विचारून. वैजनाथरावांना म्हणावं, पोरगी खुशाल पाठवा. एका बाकावर पाच बसतात, तिथं सहावी सरकून बसेल.

चेष्टा सोड. ताई, मी पुन्हा एकदा विचारतो, तू लातूरला ये. आमचे सर आठवी-नववीची नवी बॅच काढून राहिले, त्यांना तुझ्यासारखी बाई पाहिजे. दाजींची बदलीही इकडं होऊ शकते. वाडीत तू जीव तोडून शिकवतेस आणि वर लोकांची बोलणी खातेस. शेवटी परीक्षेत काड्या सोडायला सांगत नाहीत, गोल रंगवायला सांगतात. पोरांचे मार्क घसरले तर दोष तुझ्यावरच येणार, याची मला काळजी वाटते.

दसऱ्यापर्यंत विचार करून कळव. बाबा बरे आहेत. रोज गंजगोलाईत वीरण्णांच्या कापडदुकानी जाऊन बसतात. राग मानू नकोस, माया असू दे.

तुझा,
मुकुल

----

लोहा,
९ सप्टेंबर २००९

चि. मुकुल यास अनेक आशीर्वाद.

सगळे सुखरूप आहेत, हे आधी सांगते.

गेल्या शुक्रवारी मी नांदेडला प्रशिक्षणाला होते. इकडं दुपारी आभाळ फाटलं. पाऊस थोडा उघडल्यावर मुख्याध्यापकांनी शाळा सोडली आणि तेही लोह्याला निघून गेले. वस्तीवरची लेकरं ओढ्यापाशी आली, तर फरशी पुलावरून गुडघाभर गढूळ पाणी चाललेलं. पलीकडं वैजनाथराव आणि चार-पाच बाप्ये उभे होते. ते ओरडून सांगत होते, की हाताला हात धरा अन् या, गुडघाभरच पाणी हाय, आम्ही हावोत की हितं.

पहिलीतली दोन लेकरं पाण्यात उतरायलाच निघाली होती. वैष्णवीनं त्यांना दंडाला धरून मागं ओढलं. तिनं काडी टाकली, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत ती गेली. मग तिनं बापाला ओरडून सांगितलं, की दादा, पायाखालची फरशी दिसत न्हाई, आमी येत न्हाई. वैजनाथराव भडकले. शिव्या दिल्या, घरी आल्यावर चामडं सोलतो म्हणाले. पोरगी रडत होती, पण हलली नाही. आठवीच्या लेकरांनी लहान्यांच्या पुढं हातांची साखळी केली आणि सगळ्यांना परत शाळेच्या ओसरीवर आणलं. ओले सदरे काढायला लावले, लहान्यांना मधी बसवलं, पत्र्याच्या वळचणीचं पाणी पातेल्यात धरलं. गुणाबाई तिथंच होत्या, त्यांनी चूल पेटवली. त्या सांगतात, की मला काय करायचं ते पोरंच सांगू लागली, बाई.

दिवेलागणीला बाप्ये लोह्याकडून वळसा घालून ट्रॅक्टर घेऊन आले. वैजनाथरावांनी उतरल्या उतरल्या पोरीच्या थोबाडीत दिली. ती वळून लहान्यांना ट्रॅक्टरवर चढवू लागली.

सकाळी पाणी ओसरलं. फरशी मधोमध खचून वाहून गेली होती. बैलगाडी मावेल एवढं भगदाड. वरून पाणी गुडघाभरच दिसत होतं.

मी सोमवारी शाळेत गेले, तर वैजनाथराव फाटकात उभे. मला वाटलं, आता काय बोलतात. त्यांनी डोक्याची टोपी काढली. म्हणाले, बाई, मी माझ्या हातानं सगळी लेकरं त्या खड्ड्यात बोलवून ऱ्हायलो होतो. वैष्णवी दिवाळीनंतरही इथंच राहणार आहे, आणि ओढ्यावरच्या तासाला ते स्वतः दोर घेऊन येणार आहेत.

मुकुल, मी तिथं नव्हते. माझ्यावाचून लेकरं शहाणी वागली, याचाच मला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर यातच समज. आपली माया तेवढी पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
लता

----

लातूर,
१७ सप्टेंबर २००९

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

लातूरला ये, असं मी पुन्हा म्हणणार नाही.

तुझं पत्र वाचलं आणि भूकंपाची ती सकाळ आठवली. मी बारा वर्षांचा होतो. आपलं घर पुढून पडलेलं, मागची खोली तेवढी उभी. माझं दप्तर आतल्या खुंटीला दिसत होतं. शेजारचे म्हणाले, पडायचं ते पडून गेलं, जाऊ द्या लेकराला. तू माझं मनगट धरलंस. मी तुला चावलो, तरी सोडलं नाहीस. मग दुसरा धक्का आला आणि ती खोलीही खाली बसली. आपण दोघं त्यावर कधी बोललो नाही. वैष्णवीला कुणी शिकवलं ते मला आता कळलं. त्यात टीव्हीचा वाटा थोडाच आहे.

बाबा त्या दिवशी उदगीरला होते, त्यांना हे माहीतच नव्हतं. काल सांगितलं. तुझं पत्र खिशात घालून बाहेर गेले. खाली त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं आहे.

पुढच्या शनिवारी मी येतो. मला तुझ्या वर्गात मागच्या बाकावर जागा ठेव. दाजींना नमस्कार.

तुझाच,
मुकुल

चि. सौ. लतास बाबांचे अनेक आशीर्वाद.

काल वीरण्णाच्या दुकानी तुझे पत्र मोठ्याने वाचले. गिऱ्हाईके लुगड्यांच्या घड्या हातात धरून तशीच उभी राहिली. आजवर मी तिथे बसून फक्त मुकुलच्या क्लासचे सांगत होतो. एकाने विचारले, गुरुजी, कोण या बाई? मी म्हणालो, माझी लेक आहे. लोह्याजवळच्या वाडीला शिकवते.

वीरण्णा म्हणाले, पुन्हा वाचा.

मी पुन्हा वाचले.

तुझे,
बाबा