ताबिताचं आमेन

प्रिय तेओफिल,

तुझ्यावर आणि बरोबरच्या सगळ्यांवर प्रभूची शांती असो. उद्या सकाळी कोर्नेलभाऊ बटाटे, ब्लँकेटं आणि मुलांचे बूट घेऊन मोल्दोवाला निघतोय. त्याच्या हाती हे पत्र देते आहे. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू माझं वाक्य अर्धं झालं की "चल, आपण प्रार्थना करू" म्हणतोस, आणि प्रार्थना झाली की बोलणंच संपतं. कागदाला मध्येच डोळे मिटायला सांगता येत नाही.

आधी घरचं. धाकट्या नातानचा खोकला गेला. तुझा फोटो दिसला की तो "मोल्दोवाचे बाबा" म्हणतो. तुझ्या आई पोट धरून हसल्या, म्हणाल्या, "अगं, त्याला वाटतंय इथले बाबा अजून यायचेत!" मला हसू आलं नाही. त्यांनी आणि मी वांगी-मिरच्या भाजून बरण्या भरल्या, त्यातल्या बऱ्याचशा याच गाडीत आहेत, तिकडच्या मुलांना पुरवून वाढा. धुराडं मी स्वतःच साफ केलं. "आल्यावर करतो" म्हणाला होतास, पण थंडी काही तुझ्या परतीची वाट बघत थांबली नाही.

मंगळवारी पाळकसाहेब येऊन गेले. येत्या रविवारी दहाला उपासनेत आपल्याला पुढे बोलावणार आहेत. दोन खुर्च्या मांडतील, आधी तुला विचारतील आणि मग मला, की चार वर्षं मुलाबाळांसह मोल्दोवात जायची ही देवाची हाक माझीही आहे का. "एस्तेराबहीण, घाबरू नका, भाषण करायचं नाही, फक्त एक 'हो' म्हणायचं," असं म्हणत त्यांनी केकचा दुसरा तुकडा घेतला. बायकोने सगळ्यांसमोर हो म्हटल्याशिवाय आपली मंडळी कुटुंब पाठवत नाही, हे मला माहीत आहे. पण कुणा बाईचं ते 'हो' ऐकायला कुणी थांबलंय, असं मात्र मला आठवत नाही. दानिएलाच्या वेळी तिने तोंड उघडायच्या आत आपल्या बँडवाल्यांनी कर्णे फुंकले होते.

तू विचारलं नाहीस, तरी लेकीचं, ताबिताचं सांगते. ज्या वहीत मी घरचा जमाखर्च लिहिते, तिच्या मागच्या पानांवर गेल्या शालेय वर्षी मी दुसरंच काही लिहीत होते. हँडबॉलच्या प्रत्येक सामन्यात तिने किती चेंडू अडवले, कुठले पायाने, कुठले छातीवर घेऊन. मला खेळातलं काही कळत नाही. तू प्रत्येक शनिवारी कुठल्या ना कुठल्या गावात असायचास, म्हणून आल्यावर तुला वाचून दाखवीन असं मनात होतं. तू आलास की गाडी धुवायची असायची, भाषण तयार करायचं असायचं, लोक भेटायला यायचे. पानं भरत गेली. शेवटची नोंद एप्रिलची आहे.

मे महिन्यातला तो शनिवार तुला आठवतो का? दुसऱ्या दिवशी ओराद्याच्या संघाशी उपांत्य सामना होता, आणि तो रविवारी. पोर आठवडाभर घरात पायाचा आवाज न करता वावरत होती. तिला वाटत होतं, तू निदान विचारशील. जेवायच्या आधी आपण हात धरले आणि तू प्रार्थना केलीस, "प्रभू, ताबिता उद्याचा दिवस आनंदाने तुला देते आहे." सगळ्यांनी आमेन म्हटलं. तिनेही म्हटलं. बोलायला लागल्यापासून तुझ्या प्रत्येक प्रार्थनेनंतर ती म्हणत आलीय, हात धुतल्यावर पुसावेत तसं. तू डोळे उघडून तिच्या पाठीवर थाप मारलीस, "शाबास! मला ठाऊक होतं." मी तिचा चेहरा बघितला होता, तेओफिल. आणि मी रव्याच्या गोळ्यांचं सूप वाढायला घेतलं.

सकाळी ती गायकसंघात उभी राहून गायली, नजर घड्याळावर. तिकडे गोलात छोट्या बियांकाला उभं केलं आणि आपल्या पोरी नऊ-एकवीसने हरल्या. सोमवारी शाळेत ताबिताच्या बाकावर कुणी बसेना. एकीने म्हटलं, "सरकू नकोस गं तिच्याकडे, देव रागावेल." हे तिने मला सांगितलं नाही, मी फाटकाशी उभी असताना ऐकलं.

हे इथे थांबलं असतं तर मी गिळलं असतं. पण जूनमध्ये तू तिकडच्या उपासनेत साक्ष दिलीस आणि मंडळीच्या इंटरनेटवरच्या पानावर त्या साक्षीचा व्हिडिओ आला. "माझ्या अकरा वर्षांच्या लेकीने स्वतःहून, हसत हसत मैदान सोडलं." लोक रडत होते. एका म्हाताऱ्या बाईने ताबितासाठी लोकरीचे मोजे विणून दिले, ते तू घेऊन आलास. ते मोजे अजून कागदातच आहेत. तिने माझ्या फोनवर तो व्हिडिओ दोनदा बघितला, मोरीपाशी उभी राहून, आणि मला विचारलं, "आई, मी हसले होते?"

मी काय म्हणाले, सांगू? "बाबांना तसं वाटलं असेल." पुढच्या आठवड्यात बहिणींच्या सभेत सगळ्यांनी मला मिठ्या मारल्या तेव्हाही मी म्हणाले, "हो, फार देवभीरू पोर आहे." तेव्हा हा दोष एकट्या तुझ्यावर ढकलत नाही. खोटं तू बोललास, पण त्याला चुन्याचा हात मी दिला. दुसऱ्याच दिवशी ताबिताने आपली गोलकीपरची लांब पँट घडी करून बियांकाला देऊन टाकली. गुडघ्यांना तुझ्या जुन्या कोटाचे तुकडे लावून मी शिवलेली ती पँट.

काल प्रशिक्षक इलदिकोबाई घरी आल्या. पिशवीतून ती पँट काढून टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "बियांकाच्या पायात लोळते ही. रविवारी दहाला ओराद्याशी सामना आहे. बाई, मी तुमच्या देवाशी भांडायला आले नाही. मला गोलकीपर हवीय." मी नेहमीचंच म्हणाले, रविवारी आमची उपासना असते. त्या उठताना म्हणाल्या, "देव मला शनिवारी पण चालेल हो, पण शनिवारी हॉल मिळत नाही!" ताबिता आतल्या खोलीत गणितं सोडवत होती. बाहेर आली नाही. मी जाऊन बघितलं, वही उलटी धरली होती.

आज सकाळी उठले तर शेगडीमागच्या दोरीवर ती पँट वाळत होती. तिने ती स्वतः धुतली होती, साबण नीट निघाला नव्हता.  जाऊ का, असं तिने विचारलं नाही. बाबांना सांगू नकोस, असंही म्हणाली नाही. दूध पिऊन शाळेत गेली. अकरा वर्षांच्या मुलीला या घरात विचारण्यात अर्थ नाही हे कळून चुकलंय, आणि मी तिथे दोरीपाशी उभी राहून रडले. नातान म्हणाला, "आई, पँट तर धुतली ना, मग का रडतेस?"

म्हणून हे पत्र. रविवारी दहाला मी शाळेच्या हॉलमध्ये असेन, आणि ताबिता गोलात. सातला आम्ही तिघं गुडघे टेकून प्रार्थना करू, मग बस धरू. मी विश्वास सोडलेला नाही, कुणी तसं म्हणालं तर तू त्यांना गप्प करशील एवढी अपेक्षा ठेवते. पाळकसाहेबांना मी अजून कळवलेलं नाही. शनिवारी घरी पोहोचलास की तू सांग, तुझ्या तोंडून जावं. नाही सांगितलंस तर पुढची एक खुर्ची सगळ्यांना रिकामी दिसेल. चार वर्षांच्या त्या प्रश्नालाही माझं उत्तर 'नाही' आहे. तुला जायचं तर जा, मी अडवणार नाही, पण मुलं इथे राहतील. आणि शनिवारी जेवायला बसल्यावर प्रार्थनेत लेकीचं नाव घेणार असशील, तर आधी डोळे उघडे ठेवून तिला विचार. ती काय म्हणते ते ऐकून घे. तोवर मी सूप वाढणार नाही.

अजून तरी तुझीच,
एस्तेरा