बाबांनी जॅक सोडला

मंगळवार, संध्याकाळ. बसवनगुडी.

बोटं अजून ठणकतायत, त्यामुळे अक्षर असंच येणार.

देवनहळ्ळीहून आलेल्या फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रकचा गिअरबॉक्स सकाळी आमच्या गॅरेजात बाबांनी आणि मी मिळून उतरवला, क्लचप्लेट बदलली. दुपारी तो परत चढवताना मी गाडीखाली आडवी, बोटं इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या फटीत. बाबा गिअरबॉक्स पेलणाऱ्या जॅकपाशी. मी ओरडले, "बाबा, धरा!" आणि त्यांनी जॅक सोडला. एवढं मोठं धूड खाली आलं. मधे लाकडी ठोकळा होता म्हणून हात वाचला, दोन नखं तेवढी काळी पडलीत.

"जॅक खराब आहे," बाबा म्हणाले. मी तपासला. जॅक ठणठणीत आहे. मग ते बाहेर टायरवर जाऊन बसले. शेजारच्या गॅरेजातल्या मंजुनाथअण्णांना बोलावून मी गिअरबॉक्स बसवला.

मी 'धरा'च म्हणाले होते ना? त्यांना ऐकू कमी येत असेल. चाळीस वर्षं ठोकाठोकीत काढलीत, बहिरेपणच असेल. देवा, बहिरेपणच असू दे.

आत्ता मी चहा द्यायला गेले, तर बाबा आपणहून म्हणाले, "तू 'धरा' म्हणालीस ते ऐकू आलं होतं गं. पण धरायचं म्हणजे हाताने काय करायचं, तेच आठवेना."

"असं आधी झालंय?"

"दोनदा. आईला सांगू नकोस."

मी हो म्हणाले. उद्या दुसरी गाडी आहे, आणि 'जॅकपाशी तुम्ही नको', एवढं मात्र मला त्यांना सांगता आलं नाही.