फोनमधली आई

नारिन, १ जानेवारी

प्रिय गुल्झिना ताई,

मुलांना लवकर झोप येते, म्हणून नवं वर्ष आम्ही काल संध्याकाळीच साजरं केलं. झाड सजवलं, पीठ मळून बोरसोक तळले. शेजारचे बोलोतकाका पांढरी दाढी लावून, भेटींची पिशवी घेऊन हिमबाबा बनून आले. त्यांना बघून तुझी सेझिम इतकी घाबरली, की "आई!" म्हणत माझ्याच गळ्यात पडली.

तुझा एल्दोस हसायला लागला. "वेडे, ही मावशी आहे. आई मॉस्कोला कामाला गेलीय."

"ती फोनमधली आई," सेझिम म्हणाली. "ही घरातली."

मी तिला समजावायला हवं होतं. मी नुसती तिला घट्ट धरून बसले, आणि ताई, मला बरं वाटलं.

थोड्या वेळानं तुझा फोन आला. "माझी आठवण काढली का गं तिनं?"

"काढली की. आई म्हणून हाक मारली," मी म्हणाले. तू आनंदानं रडलीस.

हे पत्र मी पाठवणार नाही. उद्या फोनवर एवढंच सांगेन, की सुट्टी मिळो न मिळो, यंदा ये. मला सवय लागायच्या आत ये.

तुझी धाकटी,
नुरझात