विमानाच्या रेडिओतले दोन क्रिस्टल

अकोला, १२ नोव्हेंबर १९६३

कपाशीवर फवारणी करणाऱ्या विमानाचा रेडिओ आज नव्या लहरीवर आणायचा होता. आमच्या जुन्या मेकॅनिकनं, बाळापूरच्या चाचांनी, काम पहिल्यांदाच माझ्यावर सोपवलं. लहर ठरवणारे दोन्ही क्रिस्टल बदलले, पण रेडिओ मुकाच. वैमानिक ताटकळत उभा.

"काहून घाबरून राहिला? उघडून पाय," चाचा म्हणाले.

उघडलं, तर बोलण्याचा क्रिस्टल ऐकण्याच्या जागी. दिसतात सारखेच, पण वरचे आकडे वाचायला काय झालं होतं मला? चूक माझी, असं वैमानिकाला सांगून टाकलं आणि क्रिस्टल नीट बसवले. तो विमानात चढला आणि उडाला. मी खालच्या रेडिओवरून त्याला हाक दिली आणि कान लावून बसलो. नुसती खरखर. मग त्याचा आवाज आला, "साफ ऐकू येतंय. चहा टाका, उतरतोच."

चहा रोज मीच करतो. उठलो, तर चाचांनी स्टोव्ह आपल्याकडे ओढला. "तू बस," म्हणाले.